तळघर खालीच राहिलं

१

घर वर आणलं आणि तळघर खालीच राहिलं, तर मग ग्लेन कुठे राहिला?

हा प्रश्न डर्क होल्टमनने ज्याला त्याला विचारला होता. पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून ते दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागले. घरं हलवणाऱ्या टोळीचा मुकादम व्हर्न म्हणाला, "हातातल्या जॅककडे बघ. माझ्याकडे बघून घर उचललं जात नाही." गावाचा अध्यक्ष ऑर्विल क्नॉल म्हणाला, "हे बैठकीत विचारू नकोस, पोरा. बायका रडायला लागतात, मग कचऱ्याचा ठराव राहून जातो." आईला विचारलं, तेव्हा तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

डर्क शाळेत फार टिकला नव्हता. वाक्य लांबलं की त्याचं लक्ष उडायचं. पण हा प्रश्न त्याला लांब वाटत नव्हता. ग्लेन त्याचा थोरला भाऊ. पुराच्या दिवशी तो तळघरात उतरला आणि परत आला नाही. प्रेत मिळालं नाही. आता घर कड्यावर आहे. सगळं सरळ होतं, फक्त उत्तर नव्हतं.

केसलर्स बेंड हे गाव त्याआधी सगळा जन्म खाली, मिसिसिपीच्या काठाला होतं. नदी तिथे मोठं वळण घेते. वळणाच्या पोटातली काळी जमीन बघून जर्मनीतून आलेल्या चार घरांनी तिथे मुक्काम टाकला आणि मग ती हललीच नाहीत. नदी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा बांध, मागे चुनखडीचा उंच कडा. कड्यावर कुणी राहत नसे. दफनभूमी तेवढी वर होती, कारण तिथवर पाणी चढत नसे.

त्या वर्षी बांध फुटला आणि गाव अख्खा उन्हाळा पाण्यात उभं राहिलं. सरकारने खालच्या जागा विकत घेतल्या. अट एकच, तिथे पुन्हा कधी काही बांधायचं नाही. निम्मी माणसं लेकीकडे, भावाकडे, शहरात कुठे कुठे निघून गेली. उरलेल्यांनी ठरवलं, गाव उचलायचं. जी घरं धड होती ती लोखंडी तुळयांवर घेतली आणि ट्रेलरवरून घाट चढून वर नेली. खाली जो शेजारी होता, तोच वर शेजारी ठेवला. गाव सोडून गेलेल्यांच्या जागाही तशाच मोकळ्या ठेवल्या. त्यामुळे वरच्या गावात घरांमध्येच एकदम गवत लागायचं, आणि लोक तिकडे बोट करून "ते ब्रांटांचं घर" म्हणायचे.

आता सगळे दफनभूमीच्या शेजारी राहत होते. ग्लेन सोडून.

२

पूर येणार हे नक्की झालं की केसलर्स बेंडची माणसं आपल्याच हाताने आपल्या तळघरात पाणी भरत. नळाचं, स्वच्छ. बाहेरच्याला हे वेड वाटेल. पण बाहेरून भिजलेली माती भिंतीला रेटते, आणि आत पोकळी असली की भिंत आत येते, तिच्या मागोमाग घर. आत पाणी असलं तर भिंत दोन्हीकडून दाबात राहते आणि उभी राहते. शिवाय स्वच्छ पाणी आधीच भरलेलं असलं की नदीच्या गाळाला आत जागा उरत नाही.

त्या दुपारी दोघे भाऊ बांधावर वाळूची पोती रचत होते. आईला शेजाऱ्यांनी सकाळीच कड्यावर नेलं होतं. ग्लेनच्या हातात पिवळे रबरी हातमोजे होते. तो म्हणाला, "मी घरी जाऊन तळघरात पाईप सोडून येतो. माझी जागा धर."

"लवकर ये. मी दोघांचं काम करणार नाही."

"एकाचं तरी करतोस का? पोतं आडवं ठेव, गाढवा. उभं ठेवू नको."

बांध चर्चच्या मागच्या अंगाला फुटला. डर्कला होडीने बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हातात रिकामं पोतं होतं आणि ते त्याने सोडलं नाही.

पाणी ओसरलं, तेव्हा गावातलं प्रत्येक तळघर गाळाने भरलेलं होतं; नळाचं पाणी भरायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. होल्टमनांचंही काठोकाठ भरलेलं होतं, पण स्वच्छ पाण्याने. वरून तळ दिसत होता. फळ्यांवर मांडलेल्या बरण्या दिसत होत्या, आईची बसकी खुर्ची दिसत होती, ग्लेनने एका हिवाळ्यात बसून केलेला ओकचा जिना दिसत होता. ग्लेन नव्हता. पंप लावला, तेव्हा चिखलाने भरलेल्या गल्लीतून ते पाणी नितळ वाहत गेलं. लोक बाजूला सरून उभे राहिले. त्यात कुणी पाय घातला नाही.

तळघर बुजवायची एक रीत होती. पाणी मुरावं म्हणून आधी तळ फोडायचा, जिना उखडायचा, मग वाळू लोटायची. डर्क व्हर्नच्या टोळीतच होता आणि आपल्या घराचं काम त्याने मागून घेतलं. तळ त्याने फोडला. जिना उखडला नाही.

"जिना?" व्हर्नने विचारलं.

"राहू दे."

"राहू दे तर राहू दे. कोण उतरणार आहे."

वाळू लोटली. बरण्याही आतच राहिल्या. पुरात बुडालेलं अन्न कुणी खात नाही.

३

वरच्या घराखालचं तळघर डर्कने स्वतः ओतलं. भिंती सिमेंटच्या, तळ सिमेंटचा, पायऱ्या सिमेंटच्या आणि मोजक्या. एका कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी, दुसऱ्यात फ्रीझर आणि त्याच्या शेजारी जमिनीवर आईच्या नव्या बरण्या. जागा ठणठणीत कोरडी होती. डर्कला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो लपवण्याची त्याला गरज वाटत नव्हती.

दुपारी बाराला आगीच्या बंबाच्या शेडवरचा भोंगा वाजायचा आणि गाव जेवायला घरी जायचं. डर्क जिथे काम असेल तिथून पिकअप हाणत यायचा, दारात बूट काढायचा, टेबलाशी बसायचा. भोंगा सुरू झाला की आई तळघरात उतरायची आणि जेवणाबरोबर फोडायला एखादी बरणी घेऊन यायची. कधी काकडीचं लोणचं, कधी बीट. खालच्या गावातही तिचं असंच होतं.

एका दुपारी तिने पीच आणले. पाकातले, अर्धे चिरलेले. डर्कने दोन फोडी गिळल्या, तिसरी चमच्यावर घेतली आणि तो थांबला.

"हे कुठले?"

"आपले."

"आपल्या झाडाचे?"

"दुसरं झाड आहे का आपल्याकडे?"

झाड खालच्या अंगणात होतं. पुरात ते मेलं आणि डर्कनेच ते कापलं. त्या झाडाच्या पीचला बाठीजवळ बारीकसा कडवटपणा असायचा, म्हणून आई पाकात लवंग टाकायची. हा तोच कडवटपणा होता. लवंगही होती.

पुराआधी आईने काही बरण्या कुणाबरोबर तरी वर पाठवल्या असणार. डर्कला हे लगेच पटलं. त्याने तिसरी फोड खाल्ली. मग बाजूला सारायला म्हणून बरणी उचलली, तर ती बाहेरून ओली होती आणि विहिरीतून काढल्यासारखी गार. झाकणाच्या कडेत वाळू होती.

दुसऱ्या दिवशी तो भोंग्याआधीच घरी आला आणि त्याने कान देऊन ऐकलं. आई उतरत होती. तिच्या चपला मऊ तळाच्या, सिमेंटवर त्यांचा आवाज होत नाही. पण पावलं वाजत होती. लाकडावर वाजतात तशी. मध्येच एक पायरी कुरकुरली. जिथे पायऱ्या संपायला हव्या होत्या, तिथे त्या संपल्या नाहीत. पावलं तशीच उतरत राहिली, बारीक होत गेली, आणि भोंगा विरल्यावरही टेबलाखालून, खूप खालून, ती ऐकू येत होती.

त्यांच्याही खाली कुठेतरी नळ चालू होता.

४

डर्क कोड्यात रमणारा माणूस नव्हता. आवाज आला की आवाजाला कारण असतं, आणि कारण पान्याने पिळता येतं. त्याने टाकी तपासली. नळाच्या सगळ्या जोडांवर हात फिरवला. फ्रीझर ओढून मागची भिंत ठोकली. तळावर कागद पसरून त्यावर विटा ठेवल्या आणि सकाळी उचलून पाहिल्या. कागद कोरडा होता.

मग त्याने शेजारच्या ऑर्विलला बोलावलं. ऑर्विल तळघराच्या मधोमध, पँटच्या खांदपट्ट्यांत अंगठे अडकवून उभा राहिला.

"तुझं सिमेंट माझ्यापेक्षा झकास बसलंय. माझ्याला तडा गेलाय, आणि मी अध्यक्ष."

"ऐका ना जरा."

"काय ऐकू? माझ्या उजव्या कानात अजून बापाचा ट्रॅक्टर चालू आहे."

"तुमच्या तळघरात कधी आवाज येतो?"

"माझ्या तळघरात बायकोची व्यायामाची सायकल आहे. तिचासुद्धा कधी आला नाही."

वर स्वयंपाकघरात आई हसली. "ऑर्विल, मी मार्लिसला सांगेन हं."

"सांग. सायकलवर बसून ये म्हणावं भांडायला."

डर्कलाही हसू आलं. ऑर्विल पुढे आणि तो मागे, असे दोघे पायऱ्या चढायला लागले. वरच्या पायरीवर ऑर्विल थांबला. त्याने एक पाय उचलून बुटाचा तळ पाहिला. मग दुसरा. त्याने दोन्ही बूट पायपुसण्यावर सावकाश पुसले. पायपुसण्यावर ओले ठसे उमटले.

"कॉफी टाकलीय," आई म्हणाली.

"आज नको, लोरीन."

त्या घरची कॉफी ऑर्विलने कधी नाकारल्याचं डर्कला आठवत नव्हतं.

५

आईला वर यायला रोज थोडा जास्त वेळ लागायला लागला. आधी सूप कोमट व्हायचं, मग गार व्हायचं, मग त्यावर साय धरायची. ती यायची तेव्हा तिच्या फ्रॉकची कड ओली असायची आणि चेहऱ्यावर तरतरी असायची. पूर आल्यापासून ती अशी दिसली नव्हती. डर्कला ती तरतरी सर्वांत जास्त नकोशी होती.

"उद्यापासून बरणी मी आणीन," तो म्हणाला.

"तुला सापडायची नाही."

"एवढंसं ते तळघर. न सापडायला काय झालं?"

"खालच्या फळीवर असते."

"तिथे फळीच नाही. मीच लावली नाही."

"तू बघतोस तिथे नाही रे."

"आणि इतका वेळ कसा लागतो? पायऱ्या किती आहेत अशा?"

"उतरताना कळत नाही. चढताना गुडघे भरून येतात." तिने टेबलावरचे पावाचे कण हाताने गोळा केले. "पण आता आधाराला हात असतो."

 ज्याला त्याला प्रश्न विचारणाऱ्या डर्कने कुणाचा हात, हे विचारलं नाही. तो उठला, ओसरीतून हत्यारांची पेटी आणली, तळघराच्या दाराला कडी ठोकली आणि कुलूप घातलं. आई बघत होती.

"त्याला वाटेल आपण विसरलो त्याला."

"वाटू दे. एक गेला. तुला जाऊ देणार नाही मी."

"मला तुम्ही दोघेही हवे आहात, डर्क. आई आहे मी. एकावर कसं भागेल?"

त्याने किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दिवशी भोंग्याला तो घरी आला, तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं. आई टेबलाशी बसली होती. तिच्यापुढे पीचची बरणी होती, आणि बरणीखाली पाण्याचं तळं साचलं होतं.

६

ज्याचा उपयोग नाही ते दारावर ठेवणाऱ्यांतला डर्क नव्हता. त्याने कुलूप काढून टाकलं आणि ठरवलं की आईबरोबर उतरायचं. खाली कुणी असेल तर समोरासमोर बघू. ग्लेन असेल तर त्याला म्हणू, पुरे झालं, चल वर.

"मीही येतो," तो म्हणाला.

"ये की," आई म्हणाली. तिने केस नीट केले.

तळघराच्या छोट्या खिडकीतून दुपारचं ऊन आत पडलं होतं. दिवाही लावला होता. आई पुढे झाली. भोंगा सुरू झाला. डर्कने चौकट धरून पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं, आणि पायरी त्याच्या वजनाने किंचित लवली.

त्याने खाली पाहिलं. पायाखाली सिमेंट होतं.

त्याने आणखी खाली पाहिलं. तळ असायला हवा तिथे तळ नव्हता. पाणी होतं, इतकं नितळ की ते पाणी आहे हे फक्त एका गोष्टीवरून कळत होतं. खालच्या वस्तू असायला हव्यात त्याहून जरा जवळ दिसत होत्या. ओकचा जिना त्यात उतरत गेला होता. आई त्यावरून उतरत होती. तिचा फ्रॉक फुगत नव्हता, केस हलत नव्हते. खाली जिना संपतो तिथून पिवळ्या रबरी हातमोज्यातला एक हात पुढे आला आणि त्याने तिचं कोपर धरलं, म्हाताऱ्या माणसाला जिन्यावर धरतात तसं.

आईने मान वर केली. "येतोस ना?"

डर्कने पाय मागे घेतला.

भोंगा थांबला. खाली सिमेंटचा कोरडा तळ होता, फ्रीझर होता, केरसुणी होती. तो धडधडत उतरला आणि दोन्ही तळव्यांनी तळावर मारत राहिला. हात फुटले. तळ जसा होता तसाच राहिला, कारण तो त्याने चांगला ओतला होता.

शेरीफचा माणूस आला. तो खाली जाऊन वर आला आणि म्हणाला, "तळघरात कुणी नाही, बाळा."

"या तळघरात नाही," डर्क म्हणाला.

त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं. ऑर्विलने गाव गोळा केलं, आणि उरलेली सगळी माणसं एका ओळीत, हाताच्या अंतराने, मक्याच्या शेतांतून लोरीनला हाका मारत फिरली. ऑर्विल चांगलं शोधत होता, मोठ्याने हाका मारत होता. पण होल्टमनांच्या अंगणात तो शिरला नाही.

७

तिसऱ्या दिवशी डर्क पिकअपमध्ये फावडं टाकून घाट उतरला. आता त्याला कुणालाही काही विचारायचं नव्हतं.

खालच्या गावात फक्त गवत होतं. रस्त्यांचे चौकोन तेवढे ओळखू येत होते. टपालाची पेटी, चर्च, ब्रांटांचं घर, असं मनात म्हणत तो आपल्या जागेवर पोहोचला. लख्ख ऊन होतं. बांधापलीकडे नदी होती, आणि एका मालवाहू बार्जचं इंजिन शांतपणे गुरगुरत होतं. त्याने फावड्याने हिरवळ सोलली, नीट, चौकोनी तुकड्यांत, आणि बाजूला रचली. खाली वाळू लागली. तो खणायला लागला. हातांच्या पट्ट्या सुटल्या तरी तो थांबला नाही. जिना कुठे आहे हे त्याला अचूक माहीत होतं.

मग वर कड्यावर भोंगा वाजला. इथे तो अगदी बारीक येत होता.

डर्क थांबला. गुडघ्यांवर बसला आणि वाळूला कान लावला.

खाली टेबल मांडत होते. बश्या ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"तो येत नाही," ग्लेन म्हणाला. "पाय मागे घेतला त्याने. गाढव आहे ते."

"नावं ठेवू नकोस," आई म्हणाली. "त्याचं ताट वाढलंय मी. तीन दिवसांत पोटात काही नसेल त्याच्या. हट्टी आहे, सांगितल्याशिवाय खायचा नाही."

"मग?"

"मग काय. वर जाऊन घेऊन येऊ त्याला."

खुर्च्या मागे सरकल्या. जिन्यावर पावलं चढायला लागली. पुढची पावलं गुडघे धरून, थांबत थांबत, आणि त्यांच्या मागे जड बुटांची. मधली पायरी कुरकुरली. मग तिच्या वरची वाजली. डर्कच्या कानाखालची वाळू गार झाली, मग ओली झाली. चार बोटांनी खालून चाचपावं तशी ती एका जागी जराशी उचलली गेली.

एक हात वाळूत घातला असता, तर झालं असतं. त्याला ते हवं होतं, आणि इतकं दुसरं काही त्याला कधीच हवं नव्हतं. तीन दिवस त्याने अन्नाला स्पर्श केला नव्हता, आणि वाळूतून लवंगेचा वास येत होता.

त्याने तोंड वाळूजवळ नेलं आणि रोज टेबलाशी बोलायचा त्या साध्या, ठाम आवाजात तो म्हणाला,

"आई, कशाला चढतेस? गुडघे दुखतील. तुम्ही दोघं बसा, जेवून घ्या. माझं झालंय."

पावलं थांबली.  मग ती उतरायला लागली.

डर्कने खणलेली वाळू परत लोटली, त्यावर हिरवळीचे तुकडे होते तसे जुळवून अंथरले, आणि पायाने न दाबता, फुटलेल्या हातांनीच एकेक थोपटून बसवला.